झाकणावरचं कुंकू

खंडेनवमीला कुंकवाचा वास आला की मला भोसरीतलं आमचं छोटं वर्कशॉप आठवतं. युद्धनौकेवरच्या क्षेपणास्त्र-नळ्यांची झाकणं बनवायचं काम पहिल्यांदाच मिळालं होतं आणि तपासणीची सही माझी असे. त्या नवमीला फोरमन म्हणाले, "बाई, खरं शस्त्र तर हेच. लावा बोट." रंग देण्याआधीच्या झाकणांना मी कुंकू लावलं, नंतर पुसलंही. रंग दिल्यावर गंजाच्या चाचणीसाठी खाऱ्या पाण्याच्या फवाऱ्यात दहा दिवस ठेवल्यावर प्रत्येक झाकणावर कुंकवाच्या जागी बोटाएवढा रंग फुगलेला निघाला. "करा हो पास, पुण्याला कुठे समुद्र आहे?" फोरमन म्हणाले. "जहाजाला आहे," मी म्हणाले, 'नापास' लिहिलं आणि कारणाच्या रकान्यात माझंच नाव. पुढचं काम आम्हाला मिळालं नाही. आता घरी नवमीला विळी, पक्कड मांडते. कुंकू मात्र खालच्या पाटाला लावते.