दिवाळीच्या सुट्टीतली गोगलगाय

कोल्हापुरात राहून समुद्राचा अभ्यास करायचा म्हणजे एस.टी. आणि कॉलेजच्या सुट्ट्या यांच्या दयेवर जगणं. आमचे प्राणिशास्त्राचे सर दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत मालवणला जात. ओहोटीला खडकांवर उकिडवे बसून बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी शोधत. त्यातली एक करंगळीच्या नखाएवढी, पांढरी, कडेला केशरी रेघ असलेली. ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. ही नवी जात आहे, असं सरांचं ठाम मत होतं. केस पांढरे झाले, तरी तिच्यावर लिहायचं मात्र राहूनच गेलं. आज करू, उद्या करू.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सरांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. मी तेव्हा त्यांच्या हाताखाली संशोधन करत होते. "आणखी नमुने आण, लिहूनच टाकू," ते म्हणाले. सर दिवाळीपर्यंत राहणार नव्हते, म्हणून मी फेब्रुवारीतच अमावास्येची ओहोटी गाठली.

सर शोधत त्याच कपारीत मला त्या सापडल्या. थोड्याच लहान, पांढऱ्या, केशरी रेघेच्या. बऱ्याचशा मोठ्या, अंगभर जांभळे ठिपके असलेल्या; ही जात तर कुठल्याही पुस्तकात मिळते. आणि काही मधल्या: रेघ पुसट, ठिपके नुकते उमटू लागलेले. मी तिन्ही ओळीने मांडून पाहिल्या. सरांची नवी जात म्हणजे या नेहमीच्या गोगलगायीची पिल्लं होती. दिवाळीत पिल्लंच असतात. ती मोठी होईतो आमचं कॉलेज सुरू झालेलं असायचं. मला त्या सुट्ट्यांचा राग आला, सरांचासुद्धा आला. फॉर्मलीनमध्ये रंग उडतो, म्हणून समुद्राच्याच पाण्यात मी त्या जिवंत आणल्या.

कोल्हापुरात परतल्यावर कळंब्याच्या घरी सरांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, मला स्वयंपाकघरातच गाठलं. माझं तोंड बघूनच त्यांना उमगलं. "नवी हाय म्हणून सांग की गं पोरी. कोण बघाय येतंय? चार दिस सुखानं जाऊ देत त्यांचं."

सरांपुढे बाटल्या मांडल्या. "काय ठरवलंस?" त्यांनी फाटक्या आवाजात विचारलं. काकू दारात उभ्या होत्या. खोटं जिभेवर आलंही होतं. पण ज्याने बघायला शिकवलं, त्याच्यापुढे आंधळ्याचं सोंग मला जमेना.

"एकच जात आहे, सर. ही पिल्लं."

काकू आत निघून गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत. सरांनी भिंग मागितलं. बाटली मी धरली. मधल्या गोगलगायीकडे ते फार वेळ बघत राहिले.

"बरोबर ओळखलंस," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत सरांनी मला दिलेली ती एवढी एकच शाबासकी.