तिसऱ्या घराचं छप्पर

किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. माळ्यावरच्या रिकाम्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला जावं तर चार अंगावर पडतात. आम्ही तिघं भेटलो की चहा यायच्या आत कोणीतरी विचारतंच, "गावाकडं काय म्हणते?" हे गाव चीनमधलं. आमच्यापैकी एकानंही ते पाहिलेलं नाही!

सत्तरच्या दशकात नागपुरात एम.ए. करताना आम्ही 'आजचा चिनी समाज' हा पेपर घेतला. वर्गात विद्यार्थी तीन. काटोलकडचा गजानन, घरची संत्र्याची बाग. खापरखेड्याची सुशीला, वडील वीजकेंद्रात. आणि धंतोलीतला मी. शिकवायला कायरकर सर. सरांनी चीनवर पंधरा वर्षं वाचलं होतं, पण तिकडं जायची परवानगी त्यांना कधी मिळाली नाही. पुस्तकंसुद्धा मागवली तर निम्मीच पोचायची.

सरांकडं एक फोटो होता. रद्दीतल्या चिनी मासिकातून कापलेला, खालची ओळ फाटलेली, त्यामुळं गावाचं नाव कळायला मार्ग नाही. एक तळं, काठावर बदकं आणि ओळीनं पाच कौलारू घरं. पहिल्याच शनिवारी सरांनी घरं वाटली. पहिलं सुशीलेला, दुसरं मला, तिसरं गजाननला, चौथं स्वतःला. "यापुढं जे वाचाल ते या घरात नेऊन वाचायचं. धान्याचा नियम बदलला तर तुमच्या चुलीवर काय शिजतं, ते मला सांगायचं."

पाचवं घर रिकामं राहिलं.

*

तासाची पहिली दहा मिनिटं आम्ही फोटो बघून डोळे मिटायचो. गावात जायचो. मला अजून आठवतं, पंखा घरघरायचा आणि हळूहळू तो आवाज पाण्याचा व्हायचा. किती बरं वाटायचं ते!

एकदा शिपायानं दार उघडलं, चार माणसं डोळे मिटून बसलेली पाहिली आणि धावत विभागप्रमुखांकडं गेला. "चायनाच्या वर्गात मास्तरासकट सारे झोपून राहिले जी!"

विभागप्रमुख तरातरा आले. सरांनी डोळे न उघडताच हात वर केला. "हळू या. बदकं उठतील."

विभागप्रमुख खरंच चवड्यांवर परत गेले.

*

ते दिवस असे होते की चीनचं नाव काढलं की लोक वळून बघायचे. एका शनिवारी एक अनोळखी गृहस्थ मागच्या बाकावर येऊन बसले. साधा शर्ट, पायात मात्र पोलिसी बूट. सरांनी एक अक्षर विचारलं नाही. फक्त म्हणाले, "इथं घराशिवाय कोणी बसत नाही. पाचवं तुमचं."

तीन शनिवार गृहस्थ नुसते येऊन बसले. भराभर लिहून घ्यायचे. चौथ्या शनिवारी सरांनी नेहमीप्रमाणं प्रत्येक घराची खबर विचारली. पाचव्याची पाळी आली तसे गृहस्थ ताडकन उठून उभे राहिले.

"आमच्या घरी सगळं शांत आहे, सर!"

त्यानंतर ते आले नाहीत. वरतीही त्यांनी हेच कळवलं असणार.

*

सुशीलेला बघायला पाहुणे आले, खापरखेड्याच्या क्वार्टरमध्ये. पोहे झाले, गाणं झालं. मुलाच्या आईनं विचारलं, "शिकून राहिली ते ठीक आहे वं, पण घर सांभाळता येते का?"

सुशीला सहज बोलून गेली, "सध्या दोन सांभाळून राहिली जी. एक इथलं, एक चीनमधलं."

पाहुणे चहा अर्धा टाकून उठले! मुलगा मात्र फाटकातून परत आला. त्याला विचारायचं होतं, तिथं लाईट आली का? सुशीलेनं त्याच्याशीच लग्न केलं.

*

सर म्हणायचे, "जग एकमेकांत मिसळायला लागलंय. एक दिवस या गावची वस्तू बर्डीवर विकायला येईल." आम्ही हसायचो. आणि एकदा खरंच सीताबर्डीच्या फुटपाथवर एक चिनी फाउंटनपेन दिसलं! सरांनी ते दोन्ही हातांत धरलं. "कोणत्या गावचं आहे हो?"

विकणारा वैतागला. "काहून? सोयरीक जुळवता का तिथं?"

सर हसले, पण परतताना चालता चालता थांबले. "जुळवलीच की मी. तुम्हा तिघांना तिथं नांदायला पाठवलं. ते गाव तसं नसेलच तर? मी तुम्हाला दोन वर्षं माझं स्वप्नच शिकवलं, असं निघालं तर?"

त्या दिवशी मला सरांची फार माया आली.

*

गजाननची एक वेगळीच तऱ्हा. सरांनी खबर विचारली की त्याचं दर शनिवारी एकच, "छप्पर गळून राहिलं सर."

"कुठल्या अंकात वाचलंस?"

"वाचलं नाही जी. दिसून राहिलं. उजव्या कोपऱ्यात कवेलू सरकले, फेरून नीट लावा लागते. घरची बुढी रात्रभर पाण्याखाली गंजं-भांडे मांडत असंन."

आम्ही भिंग लावून एकेक कौल पाहिलं. आम्हाला काही दिसलं नाही. निबंधातही त्यानं तेच लिहिलं, आणि सरांनी लाल शाईनं शेरा मारला, 'पुरावा नाही.' दोन मार्क कापले. गजानन चिडला नाही. फक्त म्हणाला, "मार्क काटले म्हणून पाणी थांबते का?"

*

पुढं बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले. गजानन बागेत रमला. आणि ऐंशीनंतर कधीतरी त्याचा निरोप आला. चीनहून शेतीवाले पाहुणे संत्री बघायला येताहेत, त्याच्या बागेत. 'सरायले घेऊन या.'

सरांनी इस्त्रीचा कोट घातला. फोटो आतल्या खिशात. काटोलपर्यंत ते एकच वाक्य बोलले, "हे आमच्याकडचं नाहीच, असं म्हणाले तर?"

झाडाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. पाहुण्यांत एक म्हातारे गृहस्थ होते, काटकुळे, हाताला घट्टे. सरांनी फोटो त्यांच्यापुढं धरला. आयुष्यात पहिल्यांदा सर एका चिनी माणसासमोर बसले होते.

म्हाताऱ्यांनी हातातलं सोललेलं संत्रं खाली ठेवलं. बोटं धोतराला पुसावीत तशी पँटला पुसली. फोटो घेतला. खूप वेळ पाहिला. मग तिसऱ्या घरावर बोट ठेवून हळूच काहीतरी बोलले.

दुभाष्यानं त्यांना पुन्हा विचारलं. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं.

"ते म्हणतात," दुभाष्या आमच्याकडं वळला, "हे घर पावसाळ्यात फार गळायचं. या कोपऱ्यातून."

सरांच्या डोळ्यांतून सरळ पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही. ते म्हणाले, "गजानन, तुझे ते दोन मार्क..."

"मार्क राहू द्या जी," गजानन म्हाताऱ्यांपुढं उकिडवा बसला होता. "कवेलू फेरले का, ते विचारा न आधी!"