आफ्रिकेतली न घेतलेली जमीन

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं आणि मी युगांडातल्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होतो. तिथं थोडी जमीन घ्यावी असं मनात आलं. फोनवर अण्णांना, म्हणजे वडिलांना, नुसतं बोलून गेलो, तर मी सुट्टीवर कसबा बावड्याला पोहोचायच्या आत सगळ्या गल्लीला कळलेलं. चहाच्या टपरीवर अनोळखी माणसाला थांबवून अण्णा सांगत, "पावणं, आमचं पोरगं आफ्रिकेत जमीन घेतंय."

अण्णा तसे बढाईखोर नव्हेत. पण जमिनीचा विषय निघाला की त्यांची छाती फुगायची, आणि ते साहजिकच होतं. त्यांचे वडील दुसऱ्याच्या रानात कूळ होते. कष्ट यांचे, नाव मालकाचं. कूळ कायदा आला तेव्हा मालकानं घरी बोलावून चहा पाजला आणि गोड बोलून रान सोडायला सांगितलं. आजोबांनी सोडलं नाही. पुढं ते रान आमच्या नावावर झालं, त्यातल्या उसावर मी शिकलो. याचा आम्हाला घरी सगळ्यांनाच अभिमान होता, आजही आहे.

म्हणूनच अण्णांनी फोनवर एवढंच बजावलं होतं, "कागद मागनं बघ. आदी बांधावर जा आन् रान कसतंय कोण त्ये बघ."

मी गेलो. विकणारा राजधानीत राहणारा, कागद स्वच्छ. परदेशी माणसाला मालकी मिळत नाही, ठरावीक वर्षांचा भाडेपट्टा तेवढा मिळतो, हे वकिलानं आधीच सांगितलं होतं. तेही चाललं असतं. पण रानात केळीची बाग होती आणि एक बाई रताळी खणत होती. ड्रायव्हरकरवी तिला विचारलं, तर तिनं कोपऱ्यातली सासऱ्याची कबर दाखवली. त्या भागात तशी रीतच आहे. जमीन एकाच्या नावावर, आणि पिढ्यान् पिढ्या तिच्यावर घर बांधून पिकवणारं कुटुंब दुसरंच. कायद्यानं त्यांचाही हक्क असतो. विकणारा हसत म्हणाला, "तुमचा पट्टा होऊ दे, त्यांना मी उठवतो."

मी नको म्हणालो. तिथं काही जड गेलं नाही. घरी आलो तर अण्णांनी वाटायला पेढे आणून ठेवलेले. आता ते गल्लीला काय तोंड दाखवणार, या विचारानं मला जेवण जाईना.

शेवटी ताटावरच सांगून टाकलं. "अण्णा, जमीन घेतली न्हाय. तिच्यावर कूळ हाय."

त्यांचा घास हातातच राहिला. "उठवतो म्हणाला आसंल मालक?"

"व्हय."

"गोड बोलून?"

"गोडच बोलला की."

अण्णांनी ताट सरकवलं, हात धुतला, पेढ्यांचा पुडा उचलला आणि बाहेर पडले. मी दारात येऊन बघत राहिलो. टपरीवरच्या पहिल्याच माणसाच्या हातावर त्यांनी पेढा ठेवला. आवाज नेहमीपेक्षा मोठा होता.

"घ्या पावणं. आमच्या पोरानं जमीन सोडली."