शुक्रवारचा हातमाग

अक्षर वाईट आहे, काना-मात्रा चुकतील, माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही नाही... म्हणूनच लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं धाडस होईल तेव्हा होईल.

सत्तर-पंचाहत्तरच्या मधली गोष्ट. आमचे हे भिवंडीत हाजीसाबांच्या कारखान्यात लूम चालवायचे. दारूपायी त्यांनी सुताच्या दोन पेट्या चोरून विकल्या आणि आठ महिने तुरुंगात गेले.

भिवंडीत लूमचा धडधडाट सतत कानात असतो. फक्त शुक्रवारी कारखाने बंद. हे तुरुंगात गेल्यापासून त्या शांततेत, दुपारी चारला, माझ्या खोलीत खट... खट... सुरू व्हायचं. पॉवरलूम नव्हे, हातमाग — सावकाश. आसपास एकही हातमाग नव्हता.

तुरुंगात भेटायला गेले तेव्हा हे म्हणाले, “इथं एक मास्तर येतात. दारूवाल्यांना गोल बसवून बोलतं करतात. जीव कासावीस झाला की इथल्या हातमागावर बसायचं. शुक्रवारी चारला लय होतंय. तवाच गुत्त्यावर जायचो न्हाय का.”

मी आवाजाचं बोलले नाही. वेडी म्हणाले असते.

मास्तरांनी त्यांच्याकडून एक वदवून घेतलं होतं — ज्याचं घेतलं, त्याचं फेडायचं. सुटल्यावर हाजीसाबांनी परत कामावर घेतलं. पहिला पगार झाला. शुक्रवारी हे हाजीसाबांच्या घरी पैसे द्यायला म्हणून गेले, ते परत येईनात. चारला खटखट सुरू झाली... या वेळी दाराबाहेर. मी डोक्यावर पदर घेऊन आवाजामागे चालत गेले. तो थांबला गुत्त्यापाशी. हे दारात उभे, पगार मुठीत.

एवढ्या पुरुषांत मला हाक मारवेना. त्यांनीच वळून पाहिलं.

“तू हितं?”

“मागाचा आवाज येत होता...”

ते दारातून बाजूला झाले. “मला वाटलं माझ्याच डोक्यात हाय.”

तसेच दोघं हाजीसाबांकडे गेलो. ते हसले, “बीवी को साथ लाया? मुझसे डरता है क्या?”

“आपसे नहीं, हाजीसाब. अपने से.”

मग दर शुक्रवारी दोघंच जायचो. आवाज पुन्हा आला नाही. का आला होता, अजून कळलेलं नाही.

दोन वर्षं लागली. शेवटचे दहा रुपये ठेवले तेव्हा हाजीसाब म्हणाले, “हिसाब खतम. अब जुम्मे को सिर्फ चाय पीने आना.”

पै न पै फिटली होती.