आईंसाठी आर्टवाल्या बाई

आमच्या डोंबिवलीच्या घरात दोन गोष्टी कधी फेकल्या जात नाहीत, रंगाचे रिकामे डबे आणि किस्से. डब्यांत तुळस, तांदूळ, कपड्यांचे चिमटे असं काही ना काही भरलेलं असतं. किस्से मात्र माझ्याकडे साठतात. बोलणाऱ्यांचे सांगून संपतात आणि मी बोलते कमी! त्यातही आईंसाठी आर्टवाल्या बाई शोधल्या, त्या किश्शांच्या डब्याचं तर झाकण लागेनासं झालंय.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. माझे सासरे, नाना, वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात शेड जुळवायचे. गिऱ्हाईकाने तुकडा आणायचा आणि नानांनी त्याला तंतोतंत जुळणारा रंग करून द्यायचा. दर दिवाळीला उरल्यासुरल्या डब्यांनी ते घर रंगवायचे आणि दारात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडायचे, "रंग ओला आहे, सांभाळ!" एका दिवाळीत आईंनीच स्वयंपाकघराच्या आभाळी भिंतीवर हात टेकला. पुढे दर वर्षी नानांनी ती भिंत रंगवली, पण तो पंजा सोडून.

मी नानांना पाहिलं नाही. ते गेले, आणि 'वर्षाच्या आत करा नाहीतर तीन वर्षं थांबा' म्हणून आमचं लग्न घाईत उरकलं. मी आले तेव्हा घराच्या भिंती पाच रंगांच्या होत्या आणि सासूबाई तीनच शब्द बोलत होत्या. "हो", "नको" आणि "मीठ".

"तुझी सासू अशी नव्हती गो!" शेजारच्या म्हात्रेवहिनी मला सांगायच्या. "उखाण्यांची फॅक्टरी होती! कुणाचं डोहाळजेवण असो, बारसं असो, सगळ्या तिच्या तोंडाकडे बघायच्या. जुना उखाणा कधी घेतला नाही बाईने. दर वेळी ताजा!"

आता त्यांना कुणी नाव घ्यायला सांगत नव्हतं. सांगणार तरी कसं?

*

आमच्या फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना म्हणजे सदा गजबजलेला. आईंना तपासून ते घाईघाईत ह्यांना म्हणाले, "बीपी, शुगर सगळं नॉर्मल. गोळ्यांचं काम नाही. ठाण्याला एक बाई आहेत, आर्टची ट्रीटमेंट देतात. तिकडे दाखवा."

(नवऱ्याला मी इथे 'हे'च म्हणणार आहे. नाव घेण्यावरून पुढे बरंच रामायण आहे!)

हे नेहमीच अर्धं ऐकतात. या वेळी मात्र एक अक्षर जास्त ऐकलं. ठाण्यातले हार्ट स्पेशालिस्ट शोधून काढले, हाफ डे टाकला आणि आम्ही आईंना घेऊन हजर. आईंना आडवं केलं, तारा लावल्या, लांबलचक पट्टी निघाली. स्पेशालिस्टनी ती डोळ्यांसमोर धरली.

"आजी, हार्ट एकदम फर्स्ट क्लास! काही झालेलं नाही."

आई उठून बसल्या, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "मग दुखतंय ते काय?"

चार शब्द! मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं पहिलं अख्खं वाक्य! आम्ही दोघं एकमेकांकडे बघून असे काही खूश झालो, की स्पेशालिस्टना वाटलं आम्हाला रिपोर्टचा आनंद झालाय. निघताना त्यांनी ह्यांच्याशी हातसुद्धा मिळवला.

*

"हार्ट नाही हो, आर्ट!" फॅमिली डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "चित्रं, माती, गाणं, वाजवणं. त्यातून मनातलं बाहेर काढायचं. थांबा, बाईंचा नंबर शोधून ठेवतो."

तो नंबर सापडेपर्यंत म्हात्रेवहिनींना धीर कुठला! "आर्टच ना? त्याला ठाणं कशाला? आपल्या स्टेशनजवळ ड्रॉइंगचा क्लास आहे की!"

क्लासमध्ये आठवी-नववीची पंचवीस मुलं. सरांनी आईंना पहिल्या बाकावर बसवलं आणि समोर टेबलावर तांब्या, घडी घातलेला टॉवेल आणि दोन वांगी मांडली. "जसं दिसतं तसं काढा."

अर्धा तास झाला. आईंचा कागद कोरा. त्या आपल्या टक लावून बघतायत. सरांनी वाकून प्रेमाने विचारलं, "काकू, काही अडचण?"

"वांगी शिळी आहेत," आई म्हणाल्या. "आजच्या आज भाजून टाका."

मागची पंचवीस मुलं हसली. सरांनी पुढच्या वेळेपासून दुधी ठेवला, असं कळलं.

*

शेवटी नंबर मिळाला. पुढे 'पी.पी.' लिहिलेलं, म्हणजे फोन बाईंच्या शेजाऱ्यांचा. ह्यांनी कोपऱ्यावरच्या बूथवरून लावला. मीपण रिसिव्हरला कान चिकटवून उभी.

पलीकडून दणदणीत आवाज आला, "परब बोलतोय! कोण पाहिजे?"

"त्या आर्ट थेरपिस्ट बाई..."

"रडवणाऱ्या बाई ना?"

"अहो नाही, त्या आर्ट..."

"त्याच हो! माणसं जिना चढताना बरी असतात. उतरताना बघा, डोळे लाल! परवा तर एक चांगला मिशीवाला बाप्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. मीच पाणी नेऊन दिलं."

हे चपापले. माझ्याकडे बघितलं. मग आवाज खाली करून विचारलं, "मग... पेशंटला न्यावं की नको?"

पलीकडचा दणदणीत आवाजही खाली आला. "आणा. मीपण जातो. मंगळवारी."

*

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोमागे पिठाची गिरणी, आणि गिरणीवर आर्टवाल्या बाईंची, म्हणजे सुमेधाताईंची खोली. ताई पस्तिशीच्या, पदराला सात रंग लागलेले. खुर्च्या नाहीत, सगळ्यांनी सतरंजीवर बसायचं. पाच-सहा माणसं, मध्ये रंगांच्या वाट्या, बाजूला टाळ, डफ, घुंगरू. पितळेची एक घंटा होती, ती फोनवाल्या परबकाकांनी पहिल्या दिवसापासून बळकावलेली. काका रिटायर्ड कंडक्टर. कुणी बोलता बोलता अडकलं की ते सिंगल बेल द्यायचे. रडून मोकळं झालं की डबल, टिंग टिंग! "चला, गाडी सुटली!"

आमच्या पहिल्या मंगळवारी ताई म्हणाल्या, "आई, डोळे मिटा. आणि मनात येईल तो रंग उचला."

आईंनी एक डोळा उघडला. "यांचे नंबर कुठायत?"

"कसले नंबर?"

"शेडचे."

ताई गोंधळल्या. आईंनी निळ्या वाटीत बोट बुडवलं, अंगठ्याने चोळलं आणि तोंड वाकडं केलं. "पाणी जास्त झालंय. आमच्याकडे हा डबा पास झाला नसता!"

आमच्याकडे! म्हणजे नानांच्या कारखान्यात! ताई हुशार. काही विचारलं नाही, फक्त पांढऱ्या रंगाची वाटी पुढे सरकवली. "मग तुम्ही दुरुस्त करून द्या."

पुढचा तासभर आई थेंब थेंब पांढरा टाकत होत्या, ढवळत होत्या, खिडकीपाशी नेऊन बघत होत्या. सतरंजीवर नऊ वाट्या रांगेत लागल्या, गडद निळ्यापासून पार फिक्कटपर्यंत. वेळ संपत आली तशी ताई हळूच म्हणाल्या, "आई, आता थोडं चित्र काढू या?"

"आधी शेड तर जुळू दे!"

*

मध्येच संक्रांत आली. म्हात्रेवहिनींकडे हळदीकुंकू. आई घरीच. मी नवी नवरी, त्यामुळे पाऊल टाकल्या टाकल्या चौदा बायकांचा गिल्ला, "नाव घे, नाव घे!"

मी उभी ती उभीच.

"काय गो, नवऱ्याचं नाव विसरलीस का?" वहिनी. सगळ्या खो खो हसल्या. मी वाण घेऊन पळ काढला.

घरी आई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुठे अडलं?"

"यमकापाशी."

"नावाला यमक जुळवत बसलीस ना? नाव मध्ये ठेवायचं. यमक शेवटी. म्हणजे नाव घेताना धीर राहतो."

मी वाणातला सोपकेस धरून तशीच उभी. एवढं मोठं ट्रेनिंग, तेही तांदळातले खडे काढता काढता!

*

पुढचा मंगळवार. ताईंनी सगळ्यांना सांगितलं, "ज्याची आठवण येते, त्याचं नाव मोठ्याने घ्या. नुसतं नाव. नाव ओठावर आलं की मागचं सगळं आपोआप येतं."

परबकाका "शालिनी" म्हणाले, दोन मिनिटं रडले आणि स्वतःच स्वतःला डबल बेल दिली.

मग आईंची पाळी. आई दचकल्याच. "मी कसं घेऊ? असं कुणी नाव घेतं का!"

"मग तुम्ही त्यांना हाक कशी मारायचात?"

"अहो."

"आणि दुसऱ्यांशी बोलताना?"

"हे."

"बरं, एखाद्या फॉर्मवर नवऱ्याचं नाव लिहायचं असलं तर?"

"फॉर्म हेच भरायचे."

परबकाकांनी घंटा उचलली, पण सिंगल द्यायची की डबल ते ठरेना, म्हणून खाली ठेवली.

त्या दिवशी परतताना आई गाडीत खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. डोंबिवली येईपर्यंत "हो"सुद्धा नाही. मला वाटलं, संपलं. सापडलेल्या बाईंकडे त्या आता पुन्हा यायच्या नाहीत.

*

पण मंगळवार उजाडला आणि आईच आधी तयार! चपला घालून दारात उभ्या. "चल. तो निळा अर्धवट राहिलाय."

मी दर वेळी दाराजवळच्या कोपऱ्यात पिशव्या सांभाळत बसायचे. त्या दिवशी ताई माझ्याकडे वळल्या. "आज कोपऱ्यातल्या बाईंची पाळी. कुणाचंही नाव घ्या. तुमच्या पद्धतीने घ्या."

"म्हणजे उखाणा!" परबकाका उसळले. "सूनबाई, होऊन जाऊ दे!"

मी घाबरत उभी राहिले. संक्रांतीपासून जुळवत होते ते सुरू केलं, "तलावपाळीच्या पाण्यात... दिव्यांची रांग..."

"वा! पुढे?"

"दिव्यांची... रांग..."

"रांगेतच उभी राहणार का आता?" टिंग! सिंगल बेल. सगळे हसले.

आई वाटीतून मान वर न काढता म्हणाल्या, "रांगेला 'सांग' सोडून काही सापडत नाही. पहिलीच ओळ चुकली."

माझ्या तोंडातून निघून गेलं, "आई, मग तुम्हीच घ्या ना!"

खालची गिरणी नेमकी तेव्हाच थांबली. परबकाकांनी घंटा मांडीखाली सरकवली. मी जीभ चावली, पण शब्द गेलेला.

आईंनी ब्रश पाण्यात बुडवला. वाटीच्या काठावर निथळवला. फडक्याला पुसला. शेवटची वाटी उचलून खिडकीच्या उजेडात धरली, तिरकी करून पाहिली. मग खाली ठेवली, पदर दोन्ही खांद्यांवरून नीट घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"निळ्यात पडला पांढरा, वाटीत उतरलं आभाळ,
वसंतरावांचं नाव घेते, रंग ओला आहे, सांभाळ!"

परबकाकांनी मांडीखालून घंटा काढली. टिंग टिंग!