कमलबाईंचा राहून गेलेला सिनेमा

कमलबाई सिनेमा उभ्याने पाहायच्या. स्वयंपाकघराच्या चौकटीला खांदा टेकवून, हातात चहाची गाळणी नाहीतर पळी. सक्करदऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत. रविवारी जेवणं झाली की त्यांच्याकडे टीव्हीवर राजेमहाराजांच्या तीन-साडेतीन तासांच्या सिनेमाची सीडी लागायची आणि मी पाहायला जायचे. रिमोट त्यांच्या यजमानांच्या, वामनरावांच्या हातात. हिंगण्याच्या कारखान्यातून रिटायर झालेला माणूस. लढाई लागली की पुढे सरकून बसायचे. राणी बोलायला किंवा रडायला लागली की ‘रडारड हाये, चला पुढं’ म्हणून तेवढं पळवायचे.

सिनेमा संपला की मतं सुरू. कुठल्या सेनापतीचं कुठे चुकलं, हे वामनराव सुपरवायझरच्या थाटात सांगायचे. मी म्हणायचे, सगळे राजे रिकामटेकडे, घरात काम नाही म्हणून लढतात. ते हसायचे. कमलबाईंना कोणी विचारत नसे. एखाद्या पाहुण्याने चुकून विचारलंच तर म्हणायच्या, ‘मले काय समजते? मी त चहा करून राहिली होती.’ मला त्या बावळट वाटायच्या. चारचौघींत मी तसं बोललेही आहे.

मग वामनरावांना झटका आला. धंतोलीच्या दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर धड काही सांगत नव्हते. मुलगा पुण्याहून आला आणि दवाखान्याच्या बाकावरच त्याने ठरवून टाकलं, बाबांचं काही बरंवाईट झालं तर घर विकायचं, आईला पुण्याला न्यायचं. आई शेजारीच बसली होती. तिसऱ्या दिवशी दुपारी कमलबाई आंघोळीपुरत्या घरी आल्या. मी भाकरी-भाजी घेऊन गेले, तर दारातच तलवारींचा खणखणाट ऐकू आला.

बाई वामनरावांच्या खुर्चीत. पायात चपला तशाच. टीव्ही चालू, रिमोट हातात. मी ताट दारातच टेकवलं.

‘नवरा तिकडं नाकात नळ्या घालून पडला अन् तू सिनेमा पाहून राहिली? लाज नाही वाटत वं?’

त्यांनी मानही वळवली नाही. ‘राजा मेल्यावर राणी काय करते, ते पाहून राहिली. यायनं कधी पाहूच नाही देलं.’

पडद्यावर राजा पडला. राणीने बांगड्या फोडल्या, थोडी रडली आणि लगेच मुलाच्या राज्याभिषेकाचे नगारे. कमलबाईंनी मागे घेऊन पुन्हा पाहिलं. मग तिसऱ्यांदा.

‘एवढंच?’ त्या म्हणाल्या. ‘अन् मग ते राणी गेली कुठं? यायनं पळवलं नसतं तरी काही नव्हतं त्यात.’

टीव्ही बंद करून त्या आंघोळीला गेल्या.

पाचव्या दिवशी वामनराव गेले. तेरवीला सगळ्या नातेवाइकांसमोर मुलाने पुण्याचं काढलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही म्हटलं, जा वं, इथं एकटी कशी राहशील. चहाचे कप गोळा करता करता कमलबाई थांबल्या.

‘मी नाही जात. घर बी नाही विकत. मले कोणी विचारलं नाही, म्हणून सांगून राहिली.’

इतक्या वर्षांत तो आवाज एवढा मोठा मी ऐकलाच नव्हता. मुलाने हळूच विचारलं, पण इथे करणार काय?

‘ते मले बी नाही माहीत,’ त्या म्हणाल्या आणि कप घेऊन आत गेल्या.

दोन वर्षं राहिल्या. गॅसवाल्याशी भांडल्या. एक दिवस कोणाला न सांगता बसने रामटेकला जाऊन आल्या. कशाला गेली होतीस म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, ‘पाहाले’. गेल्या थंडीत अंगणात ऊन घेत बसल्या असतानाच गेल्या.

मुलगा आला. त्याला रामटेकचं सांगितलं, तर त्याचा विश्वास बसेना. ‘आई? एकटी?’ मग त्याने विचारलं, ‘मावशी, तिले अजून काय काय आवडत होतं?’

चाळीस वर्षं भिंतीला भिंत. मला एकही गोष्ट सांगता आली नाही.