भरमाच्या होडीची दुसरी स्लीव्ह

बेळगावात, खासबागेतल्या एका बोरिंगच्या कारखान्यात मष्णू होनगेकर वीस वर्षं एकच काम करत आला होता. इंजिनात पिस्टन जिथं खाली-वर पळतो, तिथली आतली भिंत झिजली की जुनी काढून नवी लोखंडी नळी बसवायची. या नळीला सगळे स्लीव्ह म्हणत. ट्रक, जीप, विहिरीवरची इंजिनं, गिरण्या, काय येईल त्याला मष्णू स्लीव्ह बसवी. नवी नळी हातात आली की आधी नखानं टिचकी मारायची, कानाशी धरायची, मगच यंत्राला लावायची, अशी त्याची पद्धत. काकतीहून सकाळी सायकलवर यायचा, दिवसभर दहा शब्दही बोलायचा नाही. पण अवघड काम आलं की मालक गिऱ्हाइकाला म्हणायचे, "त्या कोपऱ्यातल्याला दाखवा. तो हो म्हणाला तर होईल."

त्याच्या बायकोचं, अक्काताईचं, माहेर कोंडसवाडी. हिडकलच्या धरणाचं पाणी चढलं तेव्हा वाडीची निम्मी जमीन खाली गेली आणि घरं टेकाडावर सरकली. अक्काताईचा धाकटा भाऊ भरमा याच्या वाट्याचं रान सगळंच बुडालं. मग भरमानं त्या पाण्यालाच धरलं. बेळगावच्या लष्करी कॅम्पातल्या एका लिलावात मोडीतलं, होडीच्या मागं अडकवायचं परदेशी इंजिन मिळालं, ते त्यानं एका रुंद होडीला लावलं आणि माणसं ने-आण करू लागला. रस्त्यानं वळसा घालून जायला अर्धा दिवस मोडायचा. भरमाची होडी पाऊण तासात पलीकडं सोडायची.

त्र्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर ते इंजिन धापा टाकायला लागलं. भरमानं ते गोणपाटात गुंडाळलं, एसटीच्या टपावर टाकलं आणि थेट काकतीला आणलं.

मष्णूनं अंगणातच खोललं. दोन्ही सिलिंडरांच्या आतल्या भिंतींवर बोटाला लागतील एवढे चरे पडले होते.

"दाजी, हुईल न्हवं?" भरमानं विचारलं.

"ह्याच्या स्लीव्हा मिळत न्हाईत. आणि ह्या साध्या नळ्या न्हवंत. ह्यांस्नी खिडक्या असत्यात. धूर जायची एक, पेट्रोल यायच्या दोन. जरा हिकडं-तिकडं झालं की गेलं."

"मंग?"

मष्णूनं मुंबईला एका दुकानदाराला पत्र टाकलं. असलं इंजिन आता कुणी बनवत नाही, असं उत्तर आलं. मष्णूच्या मनातून या कामाला हात घालायचा नव्हता. त्याचा सगळा जन्म बिडाच्या, ओतीव लोखंडाच्या इंजिनांत गेला होता आणि याचं अंग ॲल्युमिनियमचं होतं. पण अक्काताई भाकरी थापता थापता म्हणाली, "अवो, दुसऱ्या कुणाकडं जाऊ दे त्येनं? घरात माणूस असताना?" आणि विषय संपला.

उद्यमबागेतल्या ओळखीच्या फौंड्रीत त्यानं दोन नळ्या ओतून घेतल्या. लेथवर कातून घेतल्या. खिडक्या मात्र कुठल्याच यंत्रावर होईनात. आधी भोकं पाडून, मग बारीक कानशीनं घासून त्या हातानं कोराव्या लागल्या. कारखाना सुटल्यावर रोज तासभर, असं अकरा दिवस ते चाललं. बसवायच्या दिवशी इंजिनाचं अंग कॅम्पातल्या एका पावाच्या भट्टीत तापवलं आणि नळ्या बर्फात ठेवल्या. तापलेलं अंग फुगतं, गारठलेली नळी आकसते, तेवढ्या दोन श्वासांत ती खिडकीला खिडकी जुळवून आत सोडायची. एकदा धरली की देवालाही हलायची नाही.

पहिली तुपातून बोट जावं तशी गेली. दुसरी गव्हाच्या दाण्याएवढी तिरकी झाली. मष्णूनं तांब्याच्या हातोडीनं एकच ठोका दिला, आणि ती सरळ होऊन तळाला बसली. भट्टीवाला टाळ्या वाजवू लागला. मष्णू मात्र वाकून खिडक्या जुळल्यात का ते बघत होता.

मग आतून घासून पिस्टनच्या मापाला आणायचं. पिस्टन आणि भिंत यांच्यात किती फट ठेवायची हे मष्णूच्या बोटांना ठाऊक होतं. पहिलीत त्यानं नेहमीसारखी ठेवली. दुसरीत हात जरा आधी थांबवला. केसाच्या जाडीहूनही कमी फरक. सैल ठेवली तर लवकर झिजेल. जरा घट्ट राहिली आणि सावकाश चालून अंगानं बसली तर भरमाला वर्षानुवर्षं बघायला नको, असा त्याचा विचार. परक्याच्या इंजिनात त्यानं असं कधी केलं नसतं.

जानेवारीतल्या एका रविवारी नवरा-बायको इंजिन घेऊन कोंडसवाडीला गेले. मष्णूनं स्वतः ते होडीला लावलं, पेट्रोलात दुप्पट तेल घातलं आणि काठाकाठानं तीन तास फिरवलं.

"धा तास हळू चालवायचं," त्यानं भरमाला बजावलं. "कुणी कितीबी घाई करू दे. नवी स्लीव्ह नव्या नवरीगत असती. वळख पटंस्तवर जपायची."

भरमा हसला. "जपतो की."

सोमवारी सकाळी राहिलेल्या तासांसाठी मष्णू आणि भरमा पुन्हा काठावर आले. होडी बांधायचा दोर वाळल्या गवताच्या ढिगात गेला होता. तो ओढायला भरमा वाकला आणि ओरडून मागं सरला. ढिगातून घोणस सरपटत झुडपात गेली. उजव्या पावलावर दोन ठिपके उमटले होते.

वाडीतली एकुलती एक गाडी पहाटेच निघून गेली होती. उरलं होतं पाणी. अक्काताई धावत आली. दोघांनी भरमाला होडीत निजवलं, आणि मष्णूनं इंजिनाची दोरी ओढली. पहिल्याच ओढीला ते लागलं.

मष्णूनं वेगाची मूठ अर्धीच पिळली. या चालीनं पलीकडं पोचायला सव्वा तास. पूर्ण पिळली तर पाऊण. तीनच तास झाले होते. भरमा आडवा पडल्या पडल्या म्हणाला, "दाजी, हळूच जाऊ दे. धा झालं न्हाईत अजून."

त्याचा पाय डोळ्यांदेखत सुजत होता. घोट्याची हाडं दिसेनाशी झाली. थोड्या वेळानं तो थुंकला, तर थुंकीत रक्त आलं.

"अवो, वाढवा की!" अक्काताई किंचाळली. "काय बघत बसलाय?"

मष्णूनं वाढवलं.

होडीचं नाक वर उठलं. दहा-बारा मिनिटं इंजिन मोकळ्या गळ्यानं गात होतं. मग मष्णूच्या कानाला काहीतरी लागलं. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. आवाज किंचित जड झाला, जसा चढावर सायकलवाल्याचा श्वास होतो. आत्ता मूठ सोडली तर वाचेल, हे त्याला कळत होतं. त्यानं भरमाच्या पायाकडं पाहिलं. मूठ तशीच ठेवली. अजून थोडं, अजून थोडं, असं तो स्वतःशीच म्हणत राहिला. आणि बरोबर पाण्याच्या मध्यावर एक करकर आवाज होऊन इंजिन थांबलं.

दोरी ओढली. हलेना. पाय लावून ओढली. हलेना.

"काय झालं?"

"धरलं. पिस्टन फुगून आडकलाय."

"मंग सोडवा की!"

सोडवायला काही नव्हतं. जोवर लोखंड गार होत नाही तोवर जगातला कुठलाच मिस्त्री काही करू शकत नाही, हे मष्णूइतकं कुणाला माहीत? हातात पाना होता. तो त्यानं उचलला, खाली ठेवला, परत उचलला. अक्काताईनं बादलीभर पाणी भरलं आणि इंजिनावर ओतायला उचललं. मष्णूनं तिचं मनगट धरलं.

"ओतू नगं. तडकंल. मंग कायमचं गेलं."

"मंग मी काय करू?"

"काय न्हाय."

ती त्याच्याकडं बघतच राहिली. मग तिनं बादली टाकली आणि वल्हं उचललं. वल्हं एकच होतं. मष्णूनं बसायची फळी उपसली आणि दुसऱ्या बाजूनं मारायला लागला. वारा समोरून होता. दोघं मारत होते तोवर होडी जागेवर राही; जरा थांबले की मागं सरके. लांब काठावर एक माणूस बैल धूत होता. अक्काताईनं पदर सोडून हलवला, हाका मारल्या. त्या माणसानंही हात वर करून हलवला, आणि परत बैलाला लागला.

भरमा आता फारसा बोलत नव्हता. मध्येच म्हणाला, "आक्का, पाणी दे." मधूनमधून मष्णू इंजिनावर हात ठेवून बघे. भाजे. पुन्हा फळी मारी, पुन्हा हात ठेवी. इंजिन गार होतंय की नाही, एवढं एकच बघणं त्याच्या हातात होतं. अर्धा तास तरी गेला असेल. त्याला तो दिवसासारखा वाटला.

शेवटी दोरी हलली. इंजिन एकाच सिलिंडरवर, लंगडत लागलं. रांगत रांगत ते काठाला आले. काठावर उसाचा ट्रॅक्टर होता, तिथून सडकेपर्यंत, मग एका जीपवाल्यानं बेळगावच्या दवाखान्यापर्यंत पोचवलं.

भरमा वाचला. तिसऱ्या आठवड्यात त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

ज्या दिवशी पाय काढला त्या दिवशी मष्णूनं व्हरांड्यात डॉक्टरांना गाठलं. "साहेब, अर्धा तास आधी आलो असतो तर राहिला असता का?"

डॉक्टर चांगले होते. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अहो, हे कुणालाच सांगता यायचं नाही."

हो किंवा नाही, काहीतरी एक म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पुढं त्यानं इंजिन खोललं. पहिली स्लीव्ह आरशासारखी होती. दुसरीत, धुराच्या खिडकीशेजारी, चार उभे ओरखडे. भरमा घरी आल्यावर त्याच्या खाटेशेजारी बसून त्यानं सांगून टाकलं. "दुसरीत मी फट कमी ठेवलती. तुला जास्त दिवस टिकावं म्हणून."

भरमा आढ्याकडं बघत होता. "दाजी, मला कशाला सांगताय?" तो म्हणाला. "मला आता ते वागवायचं बळ न्हाय." आणि त्यानं कूस बदलली.

मष्णू उठून बाहेर आला. त्याला राग आला नाही. भरमाचं बरोबरच होतं.

इंजिन त्यानं नीट करून दिलं. वाडीतला दुसरा एकजण होडी चालवू लागला. शहाऐंशीत रस्ता झाला, एसटीच्या फेऱ्या वाढल्या, आणि होडी उलटी करून ठेवली गेली. भरमानं कुबडी घेऊन गिरणीवर काम धरलं. दाजींशी तो बोले, जेवायला थांबवी. त्या दिवसाबद्दल मात्र कधीच नाही.

अक्काताईही दोन वर्षं काही बोलली नाही. मष्णूला वाटे, ती मनात धरून आहे. एके दिवशी दुपारी तांदूळ निवडताना ती एकदम म्हणाली, "मी वाढवा म्हटलं नसतं तर इंजिन चाललं असतं न्हवं?"

मष्णू चमकला. इतके दिवस हिच्या डोक्यात हे होतं?

"तुझं काय चुकलं त्यात?"

"पर चाललं असतं न्हवं?"

चाललं असतं. त्याला ते पक्कं माहीत होतं. खोटं बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि शब्द येईनात. अक्काताईनं मान हलवली आणि सूप पुढं ओढलं. तिच्याशेजारी बसून तोही खडे वेचू लागला.

कारखान्यात मात्र सगळ्यांना फरक दिसू लागला. मष्णूच्या हातची इंजिनं आता तेल पिऊ लागली, धूर टाकू लागली. माप घेताना सगळं ठीक असे. शेवटचा हात फिरवताना तो थांबतच नसे. आणखी थोडं, आणखी थोडं, असं करून फट मोठी होऊन जाई. मालकांनी आधी समजावलं, मग रागावले. मष्णू खाली मान घालून ऐके आणि पुढच्या वेळी पुन्हा तसंच करी. त्याला घट्ट ठेवताच येईना. अखेर मालकांनी त्याला ड्रिलच्या यंत्रावर बसवलं. तिथं मापाचा प्रश्न नव्हता. खूण केलेल्या जागी भोक पाडायचं.

मोठं काम आलं की अजून कुणी जुनं गिऱ्हाईक विचारी, "मष्णू मिस्त्री कुठं हायत?" मालक ड्रिलकडं बोट दाखवत. मष्णू वर बघे, हसे, आणि हातातलं काम पुढं चालू ठेवी.